शुद्ध हरपलेल्या किंवा जखमी माणसाला कसे ठेवावे : नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

रस्त्यात, देवळाच्या रांगेत किंवा उसाच्या फडात कोणी अचानक कोसळले की कोल्हापूरची माणसे मदतीला धावतात, याबद्दल शंका नाही. अडचण पुढच्या अर्ध्या मिनिटात सुरू होते. एक जण काखेत हात घालून त्याला उठवून बसवतो, दुसरा त्याचे डोके मांडीवर घेतो, तिसरा तांब्यातले पाणी ओठांना लावतो आणि कोणीतरी कांदा फोडून किंवा पायातली चप्पल काढून नाकाशी धरतो. यामागची कळकळ खरी असते. परंतु ज्याचे भान हरपले आहे त्याला बसवल्याने, त्याची मान पुढे वाकवल्याने आणि त्याच्या तोंडात पाणी घातल्याने त्याचा श्वास अडण्याची शक्यता वाढते, आणि कांदा-चप्पल हुंगवण्यात तर जो वेळ श्वास तपासायला हवा होता तोच वाया जातो.

या लेखाचा विषय मुद्दाम मर्यादित ठेवला आहे. रुग्णवाहिका येईपर्यंत माणसाला कोणत्या स्थितीत ठेवावे, ती स्थिती त्याला कशी द्यावी आणि कोणत्या प्रसंगी त्याला हलवूच नये, एवढेच येथे सांगितले आहे. तालमीतील मुले, उत्सव मंडळांचे कार्यकर्ते, जोतिबाच्या चैत्र यात्रेत किंवा नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनरांगेत सेवा करणारे स्वयंसेवक, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांतील कामगार यांनी हे वाचावे, आणि वाचून न थांबता एकमेकांवर करून पाहावे.

श्वास का अडतो

जागेपणी किंवा साध्या झोपेतही जीभ आणि घशाचे स्नायू आपला ताण पूर्णपणे सोडत नाहीत आणि घशात काही गेले तर ठसका लागून ते बाहेर पडते. शुद्ध हरपल्यावर हे दोन्ही बंदोबस्त सुटतात. माणूस उताणा असेल तर सैल पडलेली जीभ मागे सरकून घशाला टेकते, आणि लाळ, रक्त किंवा उलटी घशातच साचून श्वासनलिकेत उतरते. डोक्याखाली उशी, घडी केलेला टॉवेल किंवा कोणाची मांडी आली की हनुवटी छातीकडे झुकते आणि आधीच अरुंद झालेली वाट आणखी दाबली जाते. बेशुद्ध माणूस मोठ्याने घोरत असेल तर 'गाढ झोप लागली आहे' असे समजून बाजूला होणारे लोक पुष्कळ भेटतात; वास्तविक ती घरघर म्हणजे वाट अर्धी बंद झाल्याची खूण असते आणि हनुवटी उचलून डोके मागे कलवताच ती बहुतेक वेळा थांबते.

म्हणून उपाय दोनच आहेत. जीभ घशापासून दूर करायची आणि जे साचेल ते बाहेर वाहून जाईल असे तोंड खाली करायचे. पुढे सांगितलेल्या सर्व स्थितींमागे हेच दोन उपाय आहेत, आणि ते ध्यानात राहिले तर एखादी पायरी विसरली तरी हाताला योग्य दिशा सापडते.

हात लावण्यापूर्वी

आधी जागा सुरक्षित आहे का ते पाहावे. पुणे-बेंगळुरू महामार्गावर अपघातग्रस्ताजवळ गुडघे टेकण्याआधी कोणाला तरी मागे उभे करून येणारी वाहने थांबवावीत. शेतातील मोटारीजवळ किंवा तुटलेल्या तारेजवळ माणूस पडला असेल तर वीजप्रवाह बंद झाल्याची खात्री होईपर्यंत त्याला स्पर्श करू नये. जागा धोक्याची असेल आणि दुसरा इलाज नसेल तर माणसाला ओढून बाहेर काढावे लागते. अशा वेळी त्याच्या डोक्याकडे जाऊन खांद्यांजवळचे कपडे दोन्ही मुठींत घट्ट धरावेत, आपल्या मनगटांच्या वरच्या भागाने डोक्याला दोन्ही बाजूंनी आधार द्यावा आणि शरीर वाकडेतिकडे न होऊ देता सरळ रेषेत मागे ओढावे. एका हाताला धरून फरपटत नेऊ नये.

त्यानंतर दोन्ही खांद्यांवर थोपटून मोठ्याने हाक मारावी. उत्तर आले नाही, डोळे उघडले नाहीत, तर जवळच्या एका माणसाकडे बोट दाखवून, 'तुम्ही १०८ ला फोन लावा आणि स्पीकर चालू करून इथेच थांबा,' असे सांगावे. 'कोणीतरी फोन करा' असे गर्दीला उद्देशून म्हटले की प्रत्येकाला वाटते, दुसऱ्याने केला असेल. आपण एकटेच असू तर फोन स्पीकरवर ठेवून जमिनीवर ठेवावा, म्हणजे हात मोकळे राहतात.

आता श्वास तपासायचा. माणूस पालथा असेल तर त्याला उताणा करावा, एक हात कपाळावर ठेवून डोके हलकेच मागे कलवावे आणि दुसऱ्या हाताची दोन बोटे हनुवटीच्या हाडाखाली ठेवून ती वर उचलावी. बोटे हनुवटीखालच्या मऊ भागात रुतवू नयेत. आपला गाल त्याच्या नाकातोंडाशी नेऊन नजर छातीवर ठेवावी. छाती वर-खाली होते का ते पाहावे, श्वासाचा आवाज येतो का ते ऐकावे, गालाला हवा लागते का ते अनुभवावे. यात्रेच्या ढोल-ताशात किंवा महामार्गावर ऐकू येणे शक्य नसते, तेव्हा एक तळहात पोटाच्या वरच्या भागावर ठेवला तर हालचाल कळते. या सगळ्याला 10 सेकंदांपेक्षा अधिक वेळ देऊ नये.

या 10 सेकंदांत एक फसवी गोष्ट दिसू शकते. हृदय बंद पडल्यावर पहिली काही मिनिटे माणूस मधूनच तोंड वासून आचका दिल्यासारखी हवा घेतो, मग बराच वेळ काहीच नाही, मग पुन्हा एक आचका. हा श्वास नव्हे. नियमित, शांत श्वास दिसत नसेल तर श्वास नाही असेच धरावे.

श्वास नसेल तर

अशा माणसाला कुशीवर वळवू नये. त्याला कठीण, सपाट जागेवर उताणा ठेवून छातीदाब, म्हणजे वैद्यकीय भाषेतला सीपीआर, सुरू करावा लागतो. कोल्हापुरात सीपीआर म्हटले की छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयच डोळ्यांसमोर येते आणि घटनास्थळी 'सीपीआर द्या' या सूचनेचा अर्थ 'सीपीआरला न्या' असा घेतला जाऊ शकतो, म्हणून या लेखात छातीदाब हाच शब्द ठेवला आहे आणि प्रत्यक्षातही तोच वापरावा. छातीच्या मध्यभागी तळहाताची टाच, म्हणजे मनगटालगतचा भाग, तिच्यावर दुसरा हात, कोपरे ताठ. मोठ्या माणसाची छाती 5 ते 6 सेंटिमीटर दबेल इतका जोर, मिनिटाला 100 ते 120 या गतीने, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. श्वास देण्याचे शिक्षण झाले असेल तर 30 दाबांनंतर 2 श्वास द्यावेत, नसेल तर दाब थांबवू नयेत. गादीवर, खाटेवर किंवा आखाड्याच्या उकरलेल्या मऊ मातीत दाबाचा बराचसा जोर खालीच जिरतो, त्यामुळे माणसाला आधी फरशीवर किंवा कठीण जमिनीवर घ्यावे.

श्वास चालू आहे, पण शुद्ध नाही : कुशीवरची स्थिती

प्रशिक्षणात जिला रिकव्हरी पोझिशन म्हणतात ती ही. माणूस उत्तर देत नाही परंतु श्वास व्यवस्थित चालू आहे, आणि मानेला किंवा पाठीच्या कण्याला मार लागल्याचा संशय नाही, अशा वेळी हीच स्थिती द्यावी. चक्कर येऊन न सावरलेला, साखर कमी होऊन बेशुद्ध पडलेला, दारूच्या अमलाखाली निपचित झालेला, आकडी येऊन गेल्यावर गुंगीत असलेला, या सर्वांना ती लागू पडते.

माणूस उताणा आणि पाय सरळ असताना त्याच्या कुशीशी गुडघे टेकून बसावे. चष्मा काढावा, ज्या अंगावर वळवायचे आहे त्या बाजूच्या खिशातील मोबाइल, किल्ल्यांचा जुडगा, तंबाखूची डबी बाहेर काढावी, कारण पुढची काही मिनिटे त्याचे सगळे वजन त्यावर येणार असते.

आपल्याकडचा हात अंगापासून काटकोनात बाजूला घ्यावा आणि कोपरात वाकवून तळवा आकाशाकडे ठेवावा. हा हात असा बाजूला घेतला नाही तर माणूस वळताना तो खाली चेमटतो आणि वळणे अर्ध्यावर अडते.

पलीकडचा हात छातीवरून आपल्याकडे आणावा आणि त्याचा पालथा पंजा आपल्या बाजूच्या गालाला लावावा. तो तिथेच धरून ठेवावा. आपला तळवा त्याच्या तळव्याला भिडवून धरला तर पकड सुटत नाही. गालाखालचा हा हात वळताना डोक्याला आणि मानेला आधार देतो, म्हणून शेवटपर्यंत सोडायचा नाही.

आपल्या दुसऱ्या हाताने पलीकडच्या पायाचा गुडघा वर उचलून पाऊल जमिनीवर सपाट टेकवावे. साडी नेसलेल्या बाईच्या बाबतीत इथेच खोळंबा होतो, कारण निऱ्या ताणल्या जाऊन गुडघा वर येत नाही. साडी गुडघ्यांपाशी थोडी सैल करून घ्यावी आणि शेजारच्या बाईला पदर किंवा शाल पायांवर धरायला सांगावी. संकोचापायी ही पायरी गाळली तर स्थिती टिकत नाही, आणि आडोसा केला तर संकोचाचे कारण उरत नाही.

आता तो उभा गुडघा आपल्याकडे ओढावा. गुडघ्याच्या तरफेमुळे कंबर वळते आणि कंबरेमागे खांदा येतो. म्हणून सडपातळ मुलगीही आपल्या दुप्पट वजनाच्या माणसाला सहज वळवू शकते. खांद्याला धरून ओढण्याचा प्रयत्न केला तर धडधाकट गड्यालाही हे जमत नाही आणि रुग्णाची मान मुरगळते.

माणूस कुशीवर आल्यावर वरचा पाय असा ठेवावा की कंबर आणि गुडघा दोन्ही काटकोनात राहतील. हा पाय पुढे टेकू देतो, त्यामुळे माणूस पालथा पडत नाही. मग कपाळ आणि हनुवटी धरून डोके पुन्हा मागे कलवावे, गालाखालचा हात हवा तसा सरकवून ती कल कायम राहील असे करावे आणि तोंड थोडे जमिनीकडे झुकलेले आहे ना ते पाहावे. नवशिक्यांचे हे शेवटचे काम हमखास राहून जाते: माणूस सुबकपणे कुशीवर असतो, पण हनुवटी छातीला टेकलेली असते आणि घरघर चालूच असते. ओठांच्या कोपऱ्यातून लाळ खाली ओघळू लागली की तोंडाचा उतार जमला असे समजावे.

जोतिबाच्या डोंगरावर किंवा पंचगंगेच्या घाटावर पायरीच्या अरुंद जागेत हे करू नये. दोघा-तिघांनी धरून माणसाला आधी सपाट टप्प्यावर घ्यावे.

त्यानंतर त्याला एकट्याला सोडायचे नाही. दर मिनिटाला श्वास पाहावा. खालच्या हाताची बोटे गार किंवा निळसर पडत असतील तर हात मोकळा करावा, आणि अर्ध्या तासाहून अधिक वेळ थांबावे लागले तर दुसऱ्या कुशीवर वळवावे. कुशीवरच्या माणसाचा श्वास थांबला तर लगेच लक्षात येत नाही, ही या स्थितीची एकमेव मोठी उणीव आहे. म्हणून एका माणसाने त्याच्या चेहऱ्यासमोर बसून दुसरे कोणतेही काम करू नये. श्वास थांबला किंवा आचके सुरू झाले तर तत्काळ उताणा करून छातीदाब द्यावा.

मान किंवा पाठीला मार असेल तर

वरील सगळे ज्यांना लागू नाही अशी मोठी संख्या आपल्या भागात आहे: दुचाकीवरून उडालेले, उसाच्या ट्रॉलीवरून किंवा नारळाच्या झाडावरून पडलेले, उथळ पाण्यात सूर मारलेले, आणि आखाड्यात मानेवर आलेले मल्ल.

तालमीतील प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे. ढाक हा कुस्तीचा डाव मारताना वरचा पैलवान खालच्यासकट कोसळतो, खालच्याची मान वजनाखाली दुमडते आणि तो मातीत तसाच पडून राहतो. त्या क्षणी सवयीने दोघे-चौघे पुढे होतात, एक जण मान 'मोकळी' करण्यासाठी ती झटका देऊन फिरवतो आणि बाकीचे त्याला दंडांना धरून उभे करतात. कण्याचे हाड मोडले असेल आणि आतील मज्जारज्जू अद्याप शाबूत असेल, तर तो कायमचा दुखावण्याला हा एक झटका पुरेसा ठरू शकतो. प्रत्येक वस्तादाने हे आपल्या पठ्ठ्यांना पहिल्याच महिन्यात सांगावे अशी माझी आग्रहाची विनंती आहे. असा पैलवान शुद्धीवर असेल तर त्याला बजावावे, 'मान हलवू नकोस, होय-नाही तोंडाने सांग.' एकाने त्याच्या डोक्यामागे गुडघ्यांवर बसावे, आपली कोपरे जमिनीवर किंवा मांड्यांवर टेकवावीत आणि दोन्ही तळव्यांनी डोके आहे त्या स्थितीत स्थिर धरावे. कान झाकू नयेत, म्हणजे त्याला आपले बोलणे ऐकू येईल. हातापायांत मुंग्या येतात का, बोटे हलतात का, स्पर्श कळतो का, एवढे विचारावे. त्याच्याकडून उठण्याचा किंवा बसण्याचा प्रयत्न करवू नये. नाकातोंडातील माती बोटावर कापड गुंडाळून, दिसेल तेवढीच, काढावी. १०८ चे पथक मानेचा पट्टा आणि कठीण फळी घेऊन येईपर्यंत डोके धरणाऱ्याने हात सोडायचा नाही. हात भरून आले तर दुसऱ्याने आधी आपले हात लावावेत, मग पहिल्याने काढावेत.

तो बेशुद्ध असेल तरी श्वास नीट आणि आवाजविरहित चालू असेपर्यंत त्याला आहे तसाच ठेवावे. श्वास घरघरू लागला तर डोके मागे न कलवता जबडा पुढे आणावा: डोक्यामागूनच दोन्ही हातांची बोटे जबड्याच्या कानाखालच्या कोनांमागे लावून जबडा वर, आकाशाच्या दिशेने उचलावा. याला सराव लागतो. तेवढ्याने वाट मोकळी झाली नाही तर डोके अगदी थोडे मागे घ्यावे.

उलटी आली तर मात्र वळवावेच लागते. शक्यतो चार जण असावेत. एक डोक्याशी, उरलेले तिघे एकाच बाजूला खांदा, कंबर आणि पाय धरून. हुकूम फक्त डोके धरणाऱ्याचा. त्याने 'एक, दोन, तीन' म्हणताच चौघांनी एका वेळी शरीर असे वळवावे की नाक, बेंबी आणि पायाचे अंगठे एका रेषेत राहतील. तालमीतील मुलांना एकमेकांच्या हालचालींचा अंदाज असतो, त्यामुळे त्यांना हे फार लवकर जमते.

आणि आपण एकटेच असू, माणूस बेशुद्ध असेल, तोंडात रक्त किंवा उलटी साचत असेल, तर? वळवावे. मान शक्य तितकी सांभाळून, पण नक्की वळवावे. कण्याची इजा झालेली असण्याची शक्यता असते. अडलेला श्वास मात्र समोर दिसत असतो आणि तो काही मिनिटांत जीव घेतो. या निर्णयात नवशिके घुटमळतात, म्हणून तो घरी, शांत डोक्याने, आधीच पक्का करून ठेवावा.

हेल्मेट घातलेल्या दुचाकीस्वाराची काच वर करावी, पट्टा सैल करावा आणि श्वास ठीक असेल तर हेल्मेट काढू नये. श्वास बंद असेल किंवा उलटी होत असेल तर ते काढावे लागते, आणि ते काम दोघांचे आहे: एकाने खालून मान व जबडा घट्ट धरायचा, दुसऱ्याने हेल्मेटच्या कडा बाहेर फाकवत ते हळूहळू सरळ ओढायचे.

शुद्धीवर असलेला माणूस

शुद्धीवर असलेल्या माणसाचे शरीर स्वतःच सोयीची स्थिती शोधत असते. बहुतेक वेळा तिला आधार देणे एवढेच आपले काम असते. छातीत कळ येऊन घाम फुटलेला माणूस आडवे व्हायला नकार देतो, ते बरोबरच असते. त्याला जमिनीवरच भिंतीला किंवा कोणाच्या गुडघ्यांना टेकवून अर्धवट बसवावे आणि गुडघे वाकवून त्यांच्याखाली पिशवी किंवा गाठोडे सरकवावे. खुर्चीवर बसवले तर शुद्ध हरपताना तो पडण्याची भीती असते. त्याला चालवत गाडीपर्यंत नेऊ नये. डोंगराच्या पायऱ्या उतरवणे तर कटाक्षाने टाळावे. दम्याने धाप लागलेल्याला सरळ बसवून किंचित पुढे झुकवावे आणि हात टेकायला टेबल किंवा खुर्चीची पाठ द्यावी. त्याला झोपवण्याचा आग्रह करू नये.

रांगेत उभे राहून चक्कर आलेल्याला आडवे करून पाय सुमारे 30 सेंटिमीटर उंच धरावेत. एक-दोन मिनिटांत तो भानावर येतो. न आल्यास ही साधी चक्कर नव्हे असे समजून श्वास तपासावा आणि कुशीवर वळवावे. पुष्कळ रक्त गेलेला, अंग गार आणि फिकट पडलेला माणूसही असाच आडवा ठेवावा, जखमेवर थेट दाब चालू ठेवावा, घोंगडे किंवा चादर पांघरावी आणि चहा-पाणी देऊ नये. पाय, कंबर किंवा कणा मोडल्याचा संशय असेल, किंवा धाप लागलेली असेल, तर पाय उचलू नयेत.

पोटावर जखम असेल तर उताणे ठेवून गुडघे वाकवले की पोटाचे स्नायू सैल पडतात. छातीच्या एका बाजूला मार असेल तर त्याच बाजूला कलवून अर्धवट बसवावे. चांगल्या बाजूचे फुप्फुस मोकळे राहते. नाकातून रक्त येत असल्यास डोके मागे टाकण्याची आपल्याकडची सवय सोडावी, कारण रक्त घशात उतरून उलटी होते. बसवून, पुढे झुकवून, नाकाचा मऊ भाग 10 मिनिटे न सोडता चिमटीत धरावा.

पाणी, साप, औषधफवारणी आणि आकडी

रंकाळ्यातून किंवा पंचगंगेतून बाहेर काढलेल्या माणसाचे पोट दाबून पाणी काढणे आणि त्याला उलटे धरून फिरवणे हे दोन्ही घातक आहे. पोटातले पाणी उसळून फुप्फुसांत जाते आणि मोलाचा वेळ दवडला जातो. 2019 आणि 2021 च्या महापुरांनंतर गावोगाव पोहणाऱ्यांची पथके तयार झालेली असतील, तर त्यांनी निदान एवढे पाठ करावे: उताणे ठेवून श्वास पाहावा, श्वास असेल तर कुशीवर, नसेल तर प्रथम 2 ते 5 श्वास द्यावेत आणि मग छातीदाब. बुडालेल्याला हवेची टंचाई पडलेली असते, म्हणून येथे श्वास आधी येतो.

सर्पदंश झालेल्याला चालवू नये. चावलेला हात किंवा पाय फळीने स्थिर करून आडवे ठेवावे, आवळपट्टी बांधू नये. नाग आणि मण्यार यांच्या विषाने स्नायू लुळे पडतात: पापण्या जड होतात, बोलणे अडखळते, लाळ गिळता येत नाही. ही लक्षणे दिसताच, शुद्ध असली तरी, डाव्या कुशीवर वळवावे. श्वास बंद पडला तर तोंडाने श्वास देत राहिल्यास असा माणूस औषध मिळेपर्यंत तगू शकतो, आणि तो निश्चल दिसला तरी त्याला आपले बोलणे ऐकू येत असण्याची शक्यता असते. त्याच्यासमोर आशा सोडल्याचे शब्द काढू नयेत.

कीटकनाशकाची बाधा झालेल्याच्या तोंडाला फेस येतो आणि लाळ अखंड गळते. त्यालाही डाव्या कुशीवर, तोंड खाली करून ठेवावे. मीठपाणी पाजून उलटी करवू नये, भिजलेले कपडे हातमोजे किंवा प्लॅस्टिकची पिशवी हातात घालून काढावेत, अंग पाण्याने धुवावे आणि त्याच्या तोंडाला आपले तोंड लावू नये.

आकडी चालू असताना हातपाय दाबून धरू नयेत, दातखीळ उघडण्यासाठी चमचा घालू नये. डोक्याखाली काहीतरी मऊ सारावे आणि आजूबाजूच्या वस्तू दूर कराव्यात. झटके थांबताच कुशीवर. झटके 5 मिनिटांहून अधिक चालले, किंवा भान न येता पुन्हा सुरू झाले, तर १०८.

गरोदर बाई आणि तान्हे मूल

पाचव्या महिन्यानंतर गरोदर बाईला उताणे ठेवले तर गर्भाशयाच्या भाराने पोटातील मोठी रक्तवाहिनी दाबली जाते आणि हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते. तिला डाव्या कुशीवरच ठेवावे. छातीदाब द्यायची वेळ आली तर ती उताणीच हवी. अशा वेळी दुसऱ्याने तिचे पोट दोन्ही हातांनी डावीकडे सारून धरावे.

वर्षाच्या आतील बाळाचे डोके मोठे आणि मान आखूड असते, त्यामुळे डोके फार मागे कलवले तरी वाट दबते. नाक सरळ आकाशाकडे राहील इतकेच ठेवावे. श्वास घेणाऱ्या पण प्रतिसाद न देणाऱ्या बाळाला आपल्या हातावर कुशीवर, डोके किंचित खाली आणि तोंड बाहेरच्या बाजूला करून धरावे.

रुग्णवाहिका येईपर्यंत आणि नेताना

गगनबावडा किंवा राधानगरीच्या वाड्यावस्त्यांवर रुग्णवाहिकेला वेळ लागतो आणि कधी खासगी गाडीने न्यावेच लागते. बेशुद्ध माणसाला दुचाकीवर दोघांच्या मधे बसवून नेणे, किंवा रिक्षाच्या मागच्या सीटवर कोंबून बसवणे, म्हणजे वाटेत त्याची मान पुढे पडून श्वास बंद होण्याची सोय करणे होय. त्याऐवजी जीपची मागची सीट पाडून किंवा टेम्पोच्या हौद्यात चादर अंथरून त्याला कुशीवर ठेवावे, एकाने पाठीला आधार द्यावा आणि एकाने हनुवटी वर धरून सतत श्वास पाहावा. मानेला मार लागलेल्याच्या बाबतीत मात्र जागा सुरक्षित असेल तर पथकाची वाट पाहणेच श्रेयस्कर.

पोलिसांच्या भीतीने अपघातग्रस्ताजवळ न जाण्याचे आता कारण नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये आणि मोटार वाहन कायद्यातील 2019 च्या दुरुस्तीने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. नाव-पत्ता सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची त्याच्यावर सक्ती करता येत नाही.

पथक आल्यावर चार गोष्टी सांगाव्यात: माणूस किती वाजता आणि कसा पडला, आपण आल्यावर तो कोणत्या स्थितीत होता, त्याला कधी व कोणत्या कुशीवर वळवले, आणि मधल्या वेळेत उलटी, आकडी किंवा श्वासात बदल झाला का. वेळा मोबाइलमध्ये किंवा हातावर पेनाने लिहून ठेवल्या तर गोंधळात विसरत नाहीत.

सराव

सतरंजी अंथरून घरातल्याच माणसाला झोपवावे आणि त्याने अंग पूर्ण सैल सोडावे. तो नकळत वळायला मदत करू लागला तर सराव फुकट जातो. एकदा उजव्या, एकदा डाव्या बाजूला बसून करावे, कारण प्रसंगी जागा आपल्या सवयीची मिळेलच असे नाही. आपल्याहून जड माणसावर, साडीवर, जीन्सच्या घट्ट पँटवर आणि काळोखात करून पाहावे. वळवून झाल्यावर झोपलेल्यालाच विचारावे की मान कुठे ताणली, हात कुठे चेमटला, श्वास घेताना अडथळा वाटला का. चौघांनी मिळून वळवण्याचा सराव तालमीत व्यायामानंतर घ्यावा आणि डोके धरण्याची पाळी प्रत्येकावर येऊ द्यावी. छातीदाब मात्र धडधाकट माणसाच्या छातीवर कधीही देऊन पाहू नये. त्यासाठी प्रशिक्षण वर्गातला पुतळाच वापरावा.